मे महिन्यात लंडन, हातात चार दिवस: कसं बसवायचं?

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
मेच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासू-सासरे (सासऱ्यांना गुडघेदुखी) आणि १२ वर्षांची मुलगी. जाण्या-येण्याचे दिवस सोडून चार दिवस मिळतात. उत्पन्न ऊस आणि दुकानाचं, पगारी नोकरी कुणालाच नाही. व्हिसाला कोणती कागदं लागतील? मेट्रोचा पास काढावा का? आणि ट्रॅव्हल्सवाल्यांनी दिवसाला आठ-आठ ठिकाणं लिहून दिलीत, ती होतात का?

करवीर_दप्तर
आधी व्हिसाचं बघा. प्रवासाच्या तारखेआधी ३ महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यावर साधारण ३ आठवडे धरायचे. ठसे द्यायला पुण्याचं केंद्र जवळ पडेल. अर्ज प्रत्येकाचा वेगळा, मुलीचाही. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) किंवा अमेरिकेचा व्हिसा असला तरी तिथे चालत नाही.

पगाराची स्लिप नाही म्हणून घाबरू नका. सातबारा, कारखान्याची ऊस बिलं, दुकानाचा परवाना, जीएसटी आणि आयकर विवरणपत्रं, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट एवढं लावा. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर हवं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं लिहून भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क पाहिजे. नकार बहुतेक वेळा पैशाच्या हिशेबावरून येतो. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम चार-पाच लाख जमा दिसले आणि ते कुठून आले ते कागदावर नसलं, की अधिकारी ते पैसे तुमचे धरत नाही. उसाचा हप्ता त्याच वेळी जमा झाला असेल, तर ते बिल स्टेटमेंटला जोडूनच द्या.

सामानाचं एक. भडंग, चिवडा, कांदा-लसूण मसाला खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आंबेही घरीच ठेवा.

रंकाळा_टॉवर
पास काढू नका. बँकेचं कॉन्टॅक्टलेस (नुसतं टेकवून पैसे देता येणारं) कार्ड वाचनयंत्राला टेकवायचं. दिवसभरात ठरावीक रक्कम झाली की पुढचे पैसे कापत नाहीत. ऑयस्टर कार्डालाही (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासी कार्ड) हीच मर्यादा आहे. इथे लोक हमखास चुकतात ते सांगतो:

- एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांनी एकच कार्ड टेकवून चालत नाही.
- भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. चढताना मोबाइल आणि उतरताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं, तर खातं तेच असलं तरी दोन अपुरे प्रवास धरले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं.
- बसमध्ये रोख घेतच नाहीत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार चालू करा. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं घ्या.

मुलगी १२ वर्षांची म्हणजे तिच्यासाठी ऑयस्टरच घ्या आणि स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वयाला १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं पडतं. ज्येष्ठांची सवलत मात्र तिथल्या रहिवाशांनाच आहे.

हीथ्रो विमानतळावरून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन स्वस्त, पण शहरात यायला तासभर लागतो आणि बऱ्याच जुन्या स्थानकांवर जिने आहेत. तुम्ही एलिझाबेथ लाइन घ्या. भाडं जास्त आहे, पण तिच्या सगळ्या ४१ स्थानकांवर जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं आणि पॅडिंग्टन अर्ध्या तासात येतं. तिथेच मुक्काम बघा. मात्र त्या भागातली बरीच हॉटेलं जुन्या घरांमधली आहेत, लिफ्ट आहे का ते विचारूनच पैसे भरा. शहरात फिरायला बसच धरा. पायरी नसते, आणि एकदा टेकवल्यावर तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकच.

पंचगंगा_घाट
आठ ठिकाणं म्हणजे आठ दरवाज्यांसमोर फोटो. दिवसाला एकच भाग घ्या. तिथे मेअखेरीस नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी घाई नको. मात्र शेवटच्या सोमवारी सुट्टी असते आणि तिथल्या शाळाही त्या आठवड्यात बंद असतात, म्हणून वेळेची तिकिटं इथूनच काढा.

टॉवर ऑफ लंडनला सकाळी उघडताच जा आणि आधी राजरत्नं बघा (कोहिनूर तिथेच आहे), कारण अकरानंतर रांग वाढते. व्हाइट टॉवरचे गोल जिने सासऱ्यांनी टाळावेत. तिथून वेस्टमिन्स्टरपर्यंत बोटीने गेलं की टॉवर ब्रिज ते संसदेपर्यंतचा सगळा काठ बसल्या जागी दिसतो.

वेस्टमिन्स्टर बुधवारी ठेवा. तिथलं ॲबी हे जुनं चर्च रविवारी पर्यटकांना बंद. बकिंगहॅम राजवाड्याचा पहाराबदल साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवारी असतो, पण तासभर गर्दीत उभं राहावं लागतं. हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा पहाराबदल रोज अकराला (रविवारी दहाला) होतो, तिथे जवळून दिसतं.

शुक्रवार संग्रहालयांना द्या. ब्रिटिश म्युझियम त्या दिवशी साडेआठपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं. दोन्ही मोफत. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पं चुकवू नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची वाघनखं मात्र २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत, ती तिथे शोधत बसू नका.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
खूप आभार. चौथा दिवस ग्रिनिचला देऊ का?

पंचगंगा_घाट
द्या, मुलीला आवडेल. पण वेधशाळा टेकडीवर आहे, चढ बऱ्यापैकी आहे. सासऱ्यांना खाली कटी सार्क जहाजापाशी बसता येईल.

करवीर_दप्तर
त्याऐवजी सकाळी किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर करा, असं मी आग्रहाने म्हणेन. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. त्यांच्या लंडनच्या शिक्षणाला शाहू महाराजांनी हात दिला होता, तेव्हा कोल्हापूरच्या माणसाने इथे गेलंच पाहिजे. राज्य सरकारने २०१५ मध्ये घर विकत घेऊन स्मारक केलं. चॉक फार्म स्थानकापासून चालत जाता येतं. उघडण्याचे दिवस बदलतात, ते आधी तपासा. शेजारच्या प्रिमरोझ हिलवरून शहर दिसतं, पण गुडघे दुखणाऱ्यांनी टेकडी सोडून द्यावी. परतताना युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी जेवण मिळतं.