बॅलरॅटचे लोकशाही संग्रहालय बंद झाले, ते योग्यच झाले का?

नोंदवही:
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बॅलरॅट शहरात मे २०१३ मध्ये मोठा गाजावाजा करून उघडलेले लोकशाही संग्रहालय पाच वर्षेही पुरी न करता मार्च २०१८ मध्ये बंद झाले. सोने खणणाऱ्यांनी यूरेका या जागी उभारलेला लाकडी कोट ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैनिकांनी जिथे मोडून काढला, त्याच परिसरात ते होते. १९९८ पासून तिथे असलेल्या यूरेका सेंटरचेच हे नवे रूप होते. माझ्या मते ते बंद होणे अटळ होते. सोने खणण्यासाठी दरमहा ३० शिलिंगांचा परवाना, तो तपासायला येणारे पोलीस आणि त्यातून पेटलेला उठाव, असा ऐवज हाताशी असताना संचालकांनी जगभरच्या लोकशाहीचा पट पडद्यांवर मांडायचे ठरवले. पडदे कुठेही पाहता येतात. तेवढ्यासाठी मेलबर्नहून शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास कोण करील? शिवाय याच विषयाला वाहिलेले संग्रहालय कॅनबेरातील जुन्या संसद भवनात २००९ पासून आहेच.

वाटसरू:
असहमत. सार्वजनिक वाचनालयाचा हिशेब आपण तिकिटांच्या गल्ल्यावरून मांडत नाही, मग संग्रहालयालाच हा न्याय का? उठावाची हकिगत सांगायला बॅलरॅटमध्ये १९७० पासून सॉव्हरिन हिल हे सोन्याच्या खाणींच्या काळाचे खुले संग्रहालय आहे. तीच हकिगत पुन्हा सांगण्याऐवजी तिच्यातून पुढे काय निष्पन्न झाले हे दाखवणे हेच या संस्थेचे वेगळेपण होते. राजद्रोहाच्या खटल्यात उभ्या केलेल्या १३ जणांपैकी एकालाही १८५५ मध्ये ज्युरीने दोषी ठरवले नाही, त्याच वर्षी मासिक परवान्याच्या जागी वर्षाला एक पाउंडाचा हक्कनामा आला, आणि गोळी लागून हात गमावलेला उठावाचा नेता पीटर लेलर थेट विधिमंडळात जाऊन बसला. ही साखळी केवळ लढाईच्या देखाव्यातून कशी समजणार?

तिसरी बाजू:
वाटसरू, साखळी ठीक आहे, पण तिची एक कडी आपण वगळलीत. त्याच १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बोटीने येणाऱ्या चिनी माणसावर डोई १० पाउंडांचा कर बसवला. उठावाला सरसकट ‘लोकशाहीचा जन्म’ म्हणणाऱ्या पाटीखाली ही गोष्ट अवघडून बसते (मूळ रहिवाशांचा प्रश्न तर त्याहूनही जुना). म्हणूनच नगरपालिकेने कारभार हाती घेतल्यावर वास्तूला पुन्हा यूरेका सेंटर हे जुने नाव मिळाले, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

वाटसरू:
नाव आवरते घेतल्याने प्रामाणिकपणा येत नाही. उलट चिनी करासारखे अवघड प्रश्न लोकशाहीच्या संग्रहालयातच विचारता येतात. उठावाच्या स्मारकात पाहुणा शौर्य पाहायला येतो आणि तेवढेच पाहून परततो.

नोंदवही:
तो येतो उठावकऱ्यांच्या ध्वजासाठी, आणि त्यात गैर काय? निळ्या लोकरी कापडावर पांढरा क्रूस आणि पाच तारे. पूर्वी आठवण म्हणून लोकांनी तुकडे कापून नेल्यामुळे त्याचा बराच भाग आज उरलेलाच नाही. संग्रहालयातील या एकमेव अजोड वस्तूची मालकीही त्याची नव्हती, ती बॅलरॅटच्या कलादालनाकडून उसनी आणलेली होती. संस्था बंद पडली, पण ध्वज त्याच इमारतीत राहिला आणि लोक तो पाहायला आजही येतात. तेव्हा पाहुण्यांनी पाठ फिरवली ती इतिहासाकडे नव्हे, मांडणीकडे, असे मला वाटते.