पहिल्यांदाच कॅरॅव्हॅनने १२ दिवस कोकण, काय घ्यायचं काय नाही?

घोडबंदरवासी:
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. माझ्या दिराने टेंपो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरॅव्हॅन, म्हणजे आतच राहता झोपता येईल अशी गाडी, करून घेतलीय, आरटीओचं पासिंग वगैरे सगळं रीतसर झालंय, आणि डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही घेऊन जा म्हणाला. आम्ही पाच जण, मी, नवरा, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ७४, गुडघे दुखतात पण जायची हौस सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. जाताना पनवेलहून मुंबई गोवा हायवेने चिपळूण, मग गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली आणि येताना आंबोली चढून आजऱ्यावरून कोल्हापूर, सातारा, घरी. गाडीत दोन बर्नरची शेगडी, ५ किलोचा सिलेंडर, बॅटरीवरचा फ्रीज, ८० लिटरची पाण्याची टाकी आणि पोर्टेबल टॉयलेट आहे. आजवर आमची ट्रिप म्हणजे हॉटेल बुक करायचं आणि डिकीत बॅगा टाकायच्या. आता यादी करायला बसले तर वहीची चार पानं भरली आणि ते बघून मलाच धडकी भरली. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, काय घेऊ, काय सोडू आणि निघायच्या आधी नक्की काय तपासू?

खारघरचा_फिरस्ता:
ताई, यादी बाजूला ठेवा आणि आधी एक रात्र गाडीत काढा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली तरी चालेल, पण पाचही जणांनी त्यातच जेवायचं, त्यातच झोपायचं, सकाळचा चहा तिथेच करायचा आणि काही लागलं तरी वर घरी जायचं नाही. जे नसल्यामुळे खरंच अडलं ते घ्या आणि ज्याला रात्रभर कोणी हात लावला नाही ते घरी ठेवा. आम्ही पहिल्या वेळी हे केलं नाही, थेट निघालो, आणि पेण यायच्या आत कळलं की टॉर्च, काडेपेटी आणि औषधांची पिशवी तिन्ही गोष्टी मागच्या बेडखाली तळाशी गेल्यात, त्या काढायला भर उन्हात रस्त्याच्या कडेला अख्खं अंथरूण उपसावं लागलं.

दुसरं म्हणजे वजन. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे तुमची टाकी भरली की ८० किलो तिथेच झाले, वर पाच माणसं, सिलेंडर, बॅटरी, भांडी, कपडे. आरसीवर गाडीचं एकूण वजन किती चालतं ते लिहिलेलं असतं. सगळं भरून, सगळे बसून तळोजा एमआयडीसीतल्या एखाद्या वजनकाट्यावर गाडी चढवा, थोडक्या पैशात पावती मिळते. जड वस्तू खाली आणि पुढच्या मागच्या चाकांच्या मधे, वरच्या कप्प्यात फक्त कपडे, टॉवेल, चिप्सची पाकिटं. वर जड ठेवलं की घाटात वळणावर गाडी डोलते आणि तुमच्याकडे जाताना परशुराम घाट आहे, येताना आंबोली आणि खंडाळा.

आणि गाडीची उंची टेपने मोजा, टपावर एसी किंवा सोलर पॅनल असेल तर त्याच्यासकट. आकडा कागदावर मोठ्ठा लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. हॉटेलच्या कमानी, पार्किंगचे आडवे बार, गावातल्या लोंबणाऱ्या वायरी, दर वेळी तो आकडा लागतो.

ऐरोलीची_अन्नपूर्णा:
किचनचं मी सांगते कारण माझा जीव त्यातच अडकलेला असतो. मागच्या वर्षी आम्ही भाड्याच्या कॅरॅव्हॅनने गेलो होतो, तिच्या वरच्या कपाटांना नुसते मॅग्नेटचे कॅच होते. वडखळजवळ एका स्पीडब्रेकरला दार उघडलं आणि लोखंडी कढई खाली आली ती बरोब्बर उशीवर, जिथे रात्री माझा मुलगा डोकं ठेवून झोपला होता. दिवसाची वेळ, तो पुढे बेल्ट लावून बसलेला होता म्हणून निभावलं, पण ती उशीला पडलेली खोक अजून डोळ्यासमोर येते. तुमच्या गाडीच्या कपाटांना बटण दाबून उघडणारे लॉक आहेत का ते आजच बघा, नसतील तर सुताराकडून बसवून घ्या, आणि तवा कढई कुकर सगळं जमिनीलगतच्या कप्प्यात, मधे जुने टॉवेल कोंबून. नाहीतर चिपळूणपर्यंत खुळखुळ ऐकून डोकं उठतं.

भांडी कमीच घ्या. ३ लिटरचा एक कुकर, एक कढई, एक तवा, चहाचं पातेलं, पाच स्टीलची ताटं आणि पाच पेले, बास. जिरं मोहरी हळद तिखट गोडा मसाला छोट्या फिरकीच्या झाकणाच्या डब्यांत. घरून मेतकूट, भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी न्या, दमून पोचल्यावर १५ मिनिटांत पोटभर होतं. मासे रोज ताजे मिळतात म्हणून मोह होईल पण आत तळू नका हो, वास पडद्यांत आणि गादीत दोन दिवस बसतो. खायचे ते गावातल्या खानावळीत खा.

पाण्याचं गणित मात्र कडक ठेवा. ८० लिटर पाच जणांना काटकसर केली तर जेमतेम एक दिवस. पिण्याचं वेगळं, २० लिटरचा जार ठेवा. ताटं आधी टिश्यूने पुसून मग धुवायची, नळ सोडून घासायची नाहीत. आणि १५ मीटरचा पाइप आणि नळाला लावायचे दोन तीन मापांचे कनेक्टर जवळ ठेवा, प्रत्येक ठिकाणचा नळ वेगळा निघतो.

कळव्याचे_काका:
मुली, तुझ्या घरात वयस्कर माणूस आणि लहान मुलं आहेत म्हणून गॅसबद्दल नीट सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता फरशीवर साचतो. म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, बाहेर हवेत उघडणारी, आणि त्यावर कोणी पायपुसणं किंवा बॅग ठेवता कामा नये. सिलेंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला, आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. केशरी सुरक्षा ट्यूबवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर बदल. जॉइंटना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघ, काडी पेटवून कधीच बघू नये. आंबोलीला डिसेंबरात रात्री गारठा असतो, उबेसाठी शेगडी पेटती ठेवून झोपू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. स्वयंपाक करतानाही एक खिडकी उघडी.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघ, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. अशा गाड्या वर्षात फार चालत नाहीत, नक्षी दिसायला नवी असते पण रबर आतून कडक झालेलं असतं. हवा सकाळी टायर थंड असताना भर, आणि स्टेपनी विसरू नकोस. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायला सांग नवऱ्याला, सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, फास्टॅग हे तर आहेच.

घोडबंदरवासी:
काका, खूप खूप धन्यवाद, गॅसचं मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अजून दोन प्रश्न, रात्री गाडी लावायची कुठे आणि बॅटरीवर काय काय चालेल? १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आहे, टपावर सोलर आहे.

खारघरचा_फिरस्ता:
त्या बॅटरीत साधारण १२०० वॅट-तास धरा. फ्रीज दिवसरात्रीत ५०० च्या आसपास खातो, दोन पंखे रात्रभर चालले तर ४०० गेले, उरलं ते दिवे आणि मोबाइल. एसी आणि इंडक्शन बॅटरीवर विसरा, ते वीज जोडून मिळेल तिथेच.

लावायला आधी फोन करून ठरवा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, आणि गणपतीपुळे, तारकर्ली दोन्हीकडे एमटीडीसीचे रिसॉर्ट आहेत, तिथे विचारा. बाकी ठिकाणी घरगुती लॉजवाल्यांना अंगण, पाणी आणि वीज मागा, पैसे द्या, कोकणात लोक आनंदाने देतात. टॉयलेटची टाकी तिथल्या संडासातच रिकामी करायची, त्यांना आधी विचारून, ओढ्यात किंवा झाडीत कधीच नाही. आणि वाळूत गाडी घालू नका, भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

गुहागरहून गणपतीपुळ्याला जाताना तवसाळ जयगड फेरीबोट आहे, मोठा वळसा वाचतो. पण गाडीची लांबी उंची सांगून आधी विचारा, आणि ओहोटीला रॅम्प तिरका होतो, मागचा बंपर घासू शकतो. बोटीत चढण्याआधी गॅस बंद.

घोडबंदरवासी:
काल रात्री केला प्रयोग, पार्किंगमध्ये. कपाटांना मॅग्नेटच होते, उद्या सुतार येतोय. वहीतलं दीड पान गळलं, मिक्सर, इस्त्री, तीन पातेली, मुलांचे बोर्ड गेम सगळं घरी. पण जे मी यादीत लिहिलंच नव्हतं ते कळलं सासूबाईंमुळे. गाडीची पायरी जमिनीपासून १६ इंच आहे, रात्री दोनला त्यांना खाली उतरायचं होतं आणि त्या दाराशी अंधारात उभ्याच राहिल्या, मला उठवायला नको म्हणून. सकाळी मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. आज नवऱ्याने वेल्डरकडून मधली एक पायरी, दाराला धरायला दांडी आणि खाली पिवळा छोटा दिवा बसवून घेतला. सासूबाईंनी संध्याकाळी चार वेळा चढून उतरून बघितलं आणि आता त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

शनिवारी पहाटे चारला निघतोय, पनवेलचा पळस्पे फाटा उजाडायच्या आत ओलांडायचा आहे.