मदत हवी: सेंद्रिय कर्ब ०.३८ वर आलाय, नांगरट बंद करावी का? गोगलगायींची धास्ती आहे

नमस्कार मंडळी. पेरणीला दीड महिना उरलाय आणि घरात एका गोष्टीवर एकमत होत नाही, म्हणून इथं विचारतोय.

लातूर जिल्ह्यात आमचं साडेसहा एकर काळं रान आहे. दोन एकरात सोयाबीन-तूर, बाकीच्यात सोयाबीन आणि त्यावर हरभरा. पंधरा वर्षं हाच फेरा चाललाय. यंदा माती तपासून आणली: सामू (पीएच) ८.३, चुनखडी जास्त, पालाश भरपूर, जस्त कमी आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, अवघा ०.३८ टक्के. हा शेवटचा आकडा बघून झोप उडाली.

२०२३ चा ऑगस्ट आठवतो ना? १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमचं सोयाबीन शेंगा भरायच्या वेळी माना टाकून बसलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तेच रान चार दिवस पाण्याखाली, ओढ्याकडचा सव्वा एकर तर मुरूम दिसेपर्यंत खरवडून गेला. म्हणजे पाऊस नसला की ओल टिकत नाही, आणि पडला की माती टिकत नाही.

मागच्या आठवड्यात एक करून बघितलं. बांधावरचं गवताच्या मुळ्या असलेलं एक वाळलं ढेकूळ घेतलं आणि एक रानातलं. दोन्ही काचेच्या ग्लासात पाण्यात सोडली. रानातलं ढेकूळ दोन मिनिटांत बुडबुडे सोडत विरघळलं, तळाला नुसता गाळ. बांधावरचं संध्याकाळपर्यंत तसंच, पाणीही नितळ. दोघांत अंतर तीन फुटांचं, माती एकच. बांधाला कधी नांगर लागला नाही एवढाच फरक. आईला दाखवलं, ती कितीतरी वेळ ग्लासाकडं बघत बसली.

शेणखताचा हिशेबही मांडला. एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर ९०० किलो निव्वळ कर्ब लागतो. ३ टन शेणखतात निम्मं पाणी धरलं तर कर्ब तीनएकशे किलो, त्यातलाही बराचसा आपल्या उन्हात उडून जातो. दोन जनावरांच्या शेणावर साडेसहा एकर कधी सुधारणार? म्हणून मला वाटतं नांगरट थांबवावी, मुळं रानातच ठेवावीत आणि सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) विकायची बंद करून रानात पसरावी.

अण्णांचा याला ठाम नकार आहे, आणि त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. २०२२ च्या जुलैत आमच्या भागात गोगलगायींनी सोयाबीन दोन पानांवर असतानाच फस्त केलं. आई आणि मी रात्री बॅटरी घेऊन घमेली भरभरून वेचत होतो, तरी तीन एकर दुबार पेरावं लागलं. कृषी खात्याचा सल्लाही उन्हाळ्यात खोल नांगरट करा असाच, म्हणजे गोगलगायी आणि अंडी उघडी पडून मरतात. अण्णा म्हणतात, "गुळी पसरून त्यांना अंथरूण घालतोस का?"

काळ्या रानात नांगरट थांबवून गोगलगायी आवरल्यात असं कोणी आहे का? तण किती वाढतं? आणि गुळी रानात द्यायची तर कधी?

काळ्या_रानातली:
दादा, अण्णांची भीती खरी आहे, त्यांना हट्टी म्हणू नका. आमच्याकडेही २०२२ ला तेच झालं. पण उन्हाळ्यात गोगलगायी सगळ्या रानभर नसतात. बांधाच्या कडेला, उकिरड्याखाली, दगडांच्या ढिगात दडी मारून बसतात आणि पहिल्या पावसाला बाहेर पडतात. आम्ही फक्त बांधाकडची आठ-दहा फुटांची पट्टी नांगरतो, मधलं रान नाही. पाऊस झाला की संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाजवळ ठेवायची, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातात मोजे घाला. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो, पण कुत्री-कोंबड्या चार दिवस बांधून ठेवा. गोगलगायी अडवायला टाकलेली चुन्याची पट्टी पावसाच्या एका सरीत वाहून जाते, त्यावर विसंबू नका.

गुळी जूनमध्ये अजिबात नको. हरभरा उगवून आला की दोन ओळींच्या मधल्या जागेत पसरा. तेव्हा गोगलगायींचा त्रास फारसा नसतो, हरभऱ्याची ओलही टिकते आणि पुढच्या पेरणीपर्यंत बरीचशी संपलेली असते. आणि हरभरा उपटू नका, विळ्यानं कापा. मुळं फुकटचं खत आहे.

भातवाला_कर्जत:
माझा अनुभव भाताचा आहे, काळ्या रानाचा नाही, हे आधीच सांगतो. आमच्या तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र (नांगरट-चिखलणीशिवाय भात) बसवलं, त्यातले साडेचार फुटी गादीवाफे मी एकदाच केले. पुन्हा मोडले नाहीत. पीक कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची. पहिली दोन वर्षं तणानं रडवलं, तिथंच बरेच जण सोडून देतात. तिसऱ्या वर्षी गांडुळांची विष्ठा वाफ्यावर दिसायला लागली. सगळं रान एकदम घालू नका, एक एकर घ्या. तुमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ती तिची स्वतःची नांगरटच आहे.

माती_नमुना:
रुंद वरंब्यावर टोकण करा, म्हणजे बी हातानं टोचून लावा. बी कमी लागतं, ऑगस्टमध्ये ताण पडला तर सरीत ओल असते, आणि सप्टेंबरात त्याच सरीतून पाणी निघून जातं. मात्र सरीचं तोंड ओढ्यात थेट उघडू नका, गवताच्या पट्ट्यातून काढा. जस्ताची कमतरता आहे तर पेरणीला झिंक सल्फेट द्या. आणि पुढची तपासणी तीन वर्षांनी, त्याच जागा, तोच महिना, पावसाच्या आधी. वर्षाआड बघितलं तर आकडा नुसता खालीवर होताना दिसेल आणि उगाच निराश व्हाल.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. "बांधाची पट्टी नांगरतात" हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले. विहिरीजवळचा एक एकर माझ्या ताब्यात द्यायला तयार झालेत, बाकी रान यंदा त्यांच्या पद्धतीनं.

आता प्रश्न राहिला ओढ्याकडच्या खरवडलेल्या सव्वा एकराचा. तिथं सोयाबीन न घेता धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलावर आला की कापून जागेवरच पसरायचा, आणि थेट हरभरा घ्यायचा असं मनात आहे. खरिपाचं उत्पन्न जाईल, पण मुरमाड रानात सोयाबीन पेरून तरी काय पदरात पडणार? धैंचा मुरमावर नीट उगवतो का, की आधी तलावातला गाळ आणून टाकावाच लागेल? कोणी केलं असेल तर एकरी किती ट्रॉल्या गाळ लागला तेही सांगा.