हॉलच्या भाड्याला माफी कुठली?

बी-604 : नमस्कार. महापालिकेचं बिल कुणी पाहिलं का? मंदिरामागच्या हॉलची आकारणी बिगरनिवासी दराने झाली आहे आणि बिल सोसायटीच्या नावावर आलंय. ट्रस्ट म्हणतो धर्मादाय संस्थेला कर नसतो. मग भरायचं कुणी? आमच्या मेंटेनन्समधून?

ए-102 (ट्रस्टी) : ताई, आवाज चढवायची गरज नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेला आहे, आयकराची 12ए नोंदणीही आहे. देवाच्या जागेवर कर लावू नये एवढंच म्हणणं.

सी-301 (सीए) : काका, दोन वेगळे कायदे आपण एकत्र करतोय. 12ए मुळे फक्त आयकर सुटतो, तोही उत्पन्नाचे 85 टक्के ट्रस्टच्या उद्देशावर खर्च झाले तर. मालमत्ता कराला महापालिका अधिनियमाचं कलम 132 लागतं. निव्वळ पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या भागाला मालमत्ता करातला सर्वसाधारण कर माफ. पाणी, मलनिस्सारणाचा कर सुटत नाही. आणि ज्या भागात धंदा चालतो किंवा ज्याचं भाडं येतं, तो या माफीत बसत नाही. भाड्याचा पैसा देवकार्याला लावला तरी नाही. गाभारा आणि सभामंडप सुटतील, लग्नाचा हॉल नाही.

डी-205 : भाड्याची नोंदवही कुठे आहे?

ए-102 : भजन, महाप्रसाद, आरोग्य शिबिर तिथेच होतं हे कुणी बोलत नाही.

बी-201 : चर्चना, मशिदींना विचारा ना कुणी. सगळे कायदे मंदिरालाच!

ई-403 : दादा, कलम तेच आहे. पॅरिशचा, म्हणजे चर्चचा, हॉल रिसेप्शनला भाड्याने दिला की तेवढ्या भागाची माफी गेली. चर्चचे ट्रस्टही धर्मादाय आयुक्तांकडेच नोंदतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारातून टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच आयकर, कापायचाच, असा निकाल दिला. ते पगार संस्थेला देऊन टाकतात, तरीही.

बी-201 : मग त्यांचीही बिलं दाखवा.

बी-604 : ती आपण भरत नाही. ही भरायची आहेत.

ए-504 : प्रसादाच्या शिऱ्यावर जीएसटी किती ते पण सांगून टाका 😄

सी-301 : प्रसादावर शून्य. हॉलचं मात्र बघायला हवं. धार्मिक संस्थेच्या हॉलचं दिवसाचं भाडं 10,000 च्या आत असेल तर सूट, 10,000 झालं की सूट संपली. गाळ्याला महिन्याला 10,000, खोलीला दिवसाला 1,000 ही सीमा. आपल्या हॉलच्या बाहेर 11,000 चा फलक आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर नोंदणी करून 18 टक्के भरावे लागतील.

डी-205 : म्हणूनच विचारतेय, भाड्याची नोंदवही कुठे आहे?

एफ-101 : आज टँकर येणार आहे का?

सेक्रेटरी : पाचला येईल. कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

ए-102 : शिर्डी संस्थानला हायकोर्टाने सूट दिली, ते वाचलं नाही वाटतं कुणी.

सी-301 : ऑक्टोबर 2024 चा निकाल. तो निनावी दानाबद्दल आहे. नाव नसलेल्या देणगीवर ठरावीक मर्यादेपुढे 30 टक्के कर लागतो. संस्थान धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे असं ठरल्याने तिथे तो लागला नाही. आपला ट्रस्ट निव्वळ धार्मिक असेल तर दानपेटीला तसाही लागत नाही. हॉलच्या बिलाशी त्याचा काही संबंध नाही.

बी-604 : आणि जीर्णोद्धाराच्या पावत्यांवर 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट, असं छापलंय त्याचं काय? आम्ही ती घ्यायची का?

सी-301 : 12ए म्हणजे 80जी नव्हे. 80जी साठी ट्रस्टचा धार्मिक खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत लागतो. सरकारने अधिसूचित केलेल्या नामांकित देवस्थानांची गोष्ट वेगळी, तिथे दुरुस्ती-जीर्णोद्धाराच्या दानाला वजावट आहे. ट्रस्टकडे 10बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मागा. ट्रस्टने आयकर खात्याकडे देणग्यांचं 10बीडी विवरण भरल्याशिवाय ते निघत नाही. तसं नसेल तर वजावट घेऊ नका, नोटीस तुम्हाला येईल. 2,000 वर रोख दिली असेल किंवा नवी करप्रणाली घेतली असेल तर प्रश्नच नाही.

ए-102 : छपाईवाल्याने जुना नमुना वापरला असेल. तपासतो.

बी-604 : लवकर तपासा काका. लोकांनी विवरणपत्रं भरली आहेत.

सेक्रेटरी : रविवारी 11 वाजता ऑफिसात बसू. ट्रस्टने नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट 1 चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद), मागचा ऑडिट रिपोर्ट आणि क्षेत्रफळासह मजल्याचा नकाशा आणावा. हॉलची वेगळी आकारणी ट्रस्टच्या नावाने करून घेण्याचा अर्ज देऊ. हरकतीची शेवटची तारीख नोटिशीवर आहे, ती चुकवता येणार नाही.

डी-205 : आणि भाड्याची नोंदवही.

ए-102 : आणतो!! पण हॉल बंद करा असं कुणी म्हणू नका. मुलांची अभ्यासिका तिथेच आहे आणि एक रुपया घेत नाही.

सी-301 : मग ती खोली नकाशात वेगळी मापून दाखवा काका. ती कधीच भाड्याने जात नसेल तर तेवढ्या भागासाठी माफी मागता येईल. मी अर्ज लिहून देतो.