फोटो उघडत नाहीयेत (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-१०४, रात्री १०:४२
कुणी जागं आहे का? आमच्या कॉम्प्युटरवर एकही फोटो उघडत नाहीये. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी कसलीतरी अगम्य अक्षरं लागली आहेत. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी पडली आहे, पैसे भरा नाहीतर फाइली विसरा अशी.

बी-५०२, १०:४३
काकू, आत्ताच्या आत्ता वायफायचा राउटर बंद करा. मग कॉम्प्युटरचं बटण दाबून धरा, पूर्ण बंद होईपर्यंत. अजून काही फाइली शिल्लक असतील तर त्या वाचतील.

ए-१०४, १०:४७
केलं.

सी-२०३, १०:४९
फॉरमॅट मारून टाका, व्हायरस जाईल.

बी-५०२, १०:५०
नको! कृपा करून आज कुणी काही फॉरमॅट करू नका. व्हायरस जाईल, पण फोटोही जातील. हे रॅन्समवेअर आहे. ते फाइली पुसत नाही, कुलूपबंद करतं, आणि किल्ली त्या चोराकडे असते. काकू, तुमची बाहेरची हार्ड डिस्क होती ना? ती कुठे आहे?

ए-१०४, १०:५२
कॉम्प्युटरलाच जोडलेली आहे. तू सांगितलं होतंस बॅकअप घ्या म्हणून, तेव्हापासून कायम जोडूनच ठेवते, विसरायला नको.

बी-५०२, १०:५५
काढा ती, पण दुसऱ्या कशालाही जोडू नका. काकू, चूक माझी आहे. बॅकअप घ्या एवढंच सांगितलं, डिस्क काढून ठेवा हे सांगायचं राहिलं. जोडलेली डिस्क त्या प्रोग्रामला आणखी एक फोल्डर म्हणूनच दिसते, तो तिथेही शिरतो. विंडोज स्वतःहून जुन्या प्रती ठेवतं, त्यासुद्धा यातले बरेच प्रकार आधी पुसून टाकतात.

सी-२०३, १०:५८
अँटिव्हायरस नव्हता का?

ए-१०४, ११:०१
विंडोजचा होता, चालू होता. दुपारी एक मेल आली होती, पार्सल पोचलं नाही, पावती बघा. पीडीएफ होती. उघडली तर काहीच दिसलं नाही, म्हणून परत दोनदा क्लिक केलं. मग विंडोजने परवानगी मागितली, मी हो म्हटलं.

बी-५०२, ११:०६
ती पीडीएफ नव्हती. विंडोज मुळातच फाइलच्या नावाची शेपटी लपवून ठेवतं. ‘पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे प्रोग्राम) असेल तर आपल्याला ‘पावती डॉट पीडीएफ’ एवढंच दिसतं, आणि चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. २००० साली ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच युक्तीने, प्रेमपत्राची साधी टेक्स्ट फाइल भासवून. सगळ्यांनी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर टिक करा. आणि अँटिव्हायरस रोज नव्याने येणारं सगळंच ओळखू शकत नाही. त्यात आपणच हो म्हटलं की त्याच्या हातात फार उरत नाही.

ए-१०४, ११:१०
पैसे भरले तर मिळतील का गं? ह्यांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात आहेत. मी भरायला तयार आहे.

बी-५०२, ११:१२
काकू, मी खाली येते.

बी-५०२, ११:५८
आत्ता काकूंकडून वर आले. पैसे भरायचे नाहीत असं ठरलंय. भरून किल्ली मिळेलच याची खात्री नसते, मिळाली तरी सगळ्या फाइली नीट उघडतात असंही नाही. कुलूप लागलेल्या फाइली आणि ती चिठ्ठी आहे तशी जपून ठेवणार आहोत. ‘नो मोअर रॅन्सम’ ही युरोपातल्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज नसेल ती सहा महिन्यांनी मिळू शकते, म्हणूनच फॉरमॅट नको म्हटलं. काकूंचे मेलचे आणि बँकेचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

डी-३०१, सकाळी ७:२०
आत्ता वाचलं. वाईट वाटलं काकू. आमचं सगळं क्लाउडवर आहे, त्यामुळे आम्ही सुरक्षित ना?

बी-५०२, ७:४१
दादा, कॉम्प्युटरवरचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळत असेल तर बिघडलेली फाइलही तितक्याच इमानाने वर जाते. चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. आधीच्या आवृत्त्या परत आणता येतात, पण वेळेत लक्षात आलं तरच. क्लाउड जरूर ठेवा, फक्त तीच एकमेव प्रत नको. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा जुना नियम आहे. घरगुती वापरासाठी मी त्यात एक घालेन: एक प्रत कशालाही न जोडलेली हवी. डिस्क लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात. शक्य असेल तर दोन डिस्क आलटूनपालटून, म्हणजे एकीवर खराब फाइली चढल्या तरी दुसरी शाबूत राहते.

डी-३०१, ७:४४
आणि ते अपडेट सारखं मागे लागतं, ते?

बी-५०२, ७:४९
करायचंच. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर बंद पाडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी पुढची सोय बघा.

ए-१०४, दुपारी १२:१५
अगं, जुना कॉम्प्युटर बदलला तेव्हाची त्यातली डिस्क ह्यांनी पाकिटात घालून ठेवली होती. खणात सापडली. वर ह्यांच्या अक्षरात तारीख आहे, मार्च २०२१.

बी-५०२, १२:१६
काकू!! ती तुमच्या कॉम्प्युटरला लावू नका. माझ्याकडे आणा.

बी-५०२, दुपारी २:३०
उघडली. २०२१ पर्यंतचे सगळे फोटो आहेत, काकांनी वर्षांप्रमाणे फोल्डर लावलेले. नंतरचे मात्र यात नाहीत. काकूंच्या मुलीच्या आणि भाच्याच्या फोनमधून मिळतील तेवढे गोळा करतोय. ग्रुपमध्ये कुणाकडे गच्चीवरच्या कार्यक्रमांतले काकांचे फोटो असतील तर मला पाठवा. फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आकारात येतील.

सी-२०३ खजिनदार, संध्या. ६:०५
माझ्याकडे ११ सापडले, पाठवतो. आणि सगळ्यांना सांगायला हवं: सोसायटीचे सहा वर्षांचे हिशोब फक्त माझ्या लॅपटॉपवर होते. आज पेन ड्राइव्हवर घेतले. ताई, आता झालं ना?

बी-५०२, ६:०८
काका, तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडून बघा. नाव दिसतंय एवढ्यावर थांबू नका, आतले आकडे बघा.

सी-२०३ खजिनदार, ६:३१
अध्यक्षांच्या लॅपटॉपवर लावला. उघडली नाही. फाइल २ केबीची दिसते.

बी-५०२, ६:३३
डेस्कटॉपवरून उचललीत का? तो शॉर्टकट आहे, फक्त पत्ता. खरी फाइल तुमच्या लॅपटॉपवरच राहिली. त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ करा आणि तिथून अख्खा फोल्डर घ्या.

सी-२०३ खजिनदार, ७:१०
घेतला. ३८ एमबी. अध्यक्षांकडे सहाही वर्षांचे हिशोब उघडून पाहिले. हा पेन ड्राइव्ह त्यांच्याकडेच राहील. उद्या एक डिस्क आणून दुसरी प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवतो.

ए-१०४, ७:२६
गच्चीवरचे अकरा मिळाले. त्यातला ह्यांचा पतंग धरलेला मी कधी पाहिलाच नव्हता.