मदत हवी आहे: द्राक्षांच्या बिया काढायची सोपी युक्ती?

दोन किलो बियांची काळी द्राक्षं घरात येऊन पडली आहेत. चव अशी की बिनबियांची पुढ्यात आली तर पांचट वाटतील. पण प्रत्येकात दोन-तीन बिया, एखाद्यात चारसुद्धा. निम्मी साडेतीन वर्षांच्या लेकीला खायला द्यायचीत, निम्म्यांचा जॅम करायचाय.

आतापर्यंतचे उद्योग: आधी मिक्सरमधून फिरवून गाळली. बिया भरडल्या गेल्या आणि रस इतका कडू-तुरट झाला की ओतून द्यावा लागला. मग एकेक आडवं कापून सुरीच्या टोकाने बिया उचकटल्या. सुरी नेमकी बीवरच बसते, बी तुटते आणि अर्धा तुकडा गरात दडून राहतो. अर्ध्या तासात जेमतेम वाटीभर. या वेगाने शेवटच्या घडापर्यंत पोचेन तेव्हा त्याचे मनुके झालेले असतील.

द्राक्ष अख्खं ठेवून बी काढता येते का? कुणी केलंय?

प्रतिसाद १
येते. कागदाला लावायची यू-पिन किंवा केसांचा आकडा सरळ करून टोक जरासं वाकवा, उकळत्या पाण्यातून काढा. देठाच्या जागेतून आत घालायचा. बियांची निमुळती टोकं देठाकडेच असतात, त्यामुळे आकड्याला बी लवकर सापडते. द्राक्षं तासभर फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करा, मऊ असली तर बीऐवजी गरच बाहेर येतो. दहा-बारा द्राक्षांनंतर हात बसतो. दोन किलोंना मात्र मी हे करणार नाही.

प्रतिसाद २
लेक साडेतीनची आहे ना, मग अख्खं हवंय कशाला? बी असो-नसो, पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊच नये. नेमकं घशात अडकेल असा आकार असतो. उभे चार तुकडे करूनच द्यायचं. म्हणजे तुमचं निम्मं काम तसंही सुरीचंच आहे.

फक्त आडवं कापू नका. बिया देठाच्या दिशेने उभ्या असतात, आडव्या कापात त्या मधोमध सापडतात. उभी सुरी लावा, बी लागली की थांबा आणि द्राक्ष फिरवत सभोवार काप द्या. मग दोन्ही अर्धी हलकेच पिळून वेगळी करा. बिया अख्ख्या दिसतात, नखानेही निघतात.

प्रतिसाद ३
जॅमसाठी एकही बी हाताने काढू नका! देठ काढून, चमचा-दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवा. दहाएक मिनिटांत साली फुटतात, गर सुटतो. मग बी जाणार नाही अशा गाळणीतून पळीच्या पाठीने दाबून घ्या. बिया अख्ख्या राहिल्या की कडवटपणा येत नाही. रंग सालीत असतो, तेव्हा साली शिजवतानाच काढून टाकू नका. दाबताच गर सालीतून सुळकन बाहेर येणारी जात असेल तर आणखी सोपं: फक्त गर शिजवून गाळा आणि साली नंतर जॅममध्ये घाला.

धागाकर्ती
साल सुटणारी नाहीत, त्यामुळे जॅमची सालींसकट शिजवून गाळली. काम पाऊण तासात संपलं, जॅम गडद जांभळा झालाय आणि अजिबात कडू नाही. उरलेली उभी कापतेय. आकडाही करून पाहिला. सहा द्राक्षं नीट जमली, सातव्याचा रस थेट चष्म्यावर.