घाट उतरण्याआधी ट्रकची तपासणी सक्तीची करावी का?

कात्रजकर:
२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड गाडीने एकामागोमाग कितीतरी वाहनं ठोकरली. त्यानंतरही त्या उतारावरचे अपघात थांबलेले नाहीत. ट्रकचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. मधल्या काळात ब्रेकचे लायनर किती झिजले, ब्रेकची हवा कुठे गळते, हे कोण बघतं? नवीन कात्रज बोगदा, बोरघाट, कसारा घाट इथे उतार लागण्याआधी प्रत्येक अवजड गाडीचे ब्रेक आणि टायर तपासा. नापास झाली तर तिथेच उभी करा.

सहाचाकी:
साहेब, माझी एकच गाडी आहे आणि ती मीच चालवतो. आजवर ज्यांनी अडवलं त्यांनी कागद मागितले. चाकाजवळ वाकून लायनर बघणारा एकही भेटला नाही. आणखी एक नाका म्हणजे आणखी एका ठिकाणी हात ओले करणं. रांगेत वेळ गेला, माल उशिरा पोचला, तर भाडं माझं कापतात. तपासायचंच असेल तर माल भरतात त्या गेटवर तपासा. तिथे वजनकाटा असतो, माणसं असतात, गाडी तशीही तासन् तास उभीच असते.

गॅरेजवाला:
२०२२ च्या त्या अपघातात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा काँप्रेसर बंद. मग टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकसरशी कमी होत जाते, गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरचा अटकावही नसतो आणि सगळा भार तापलेल्या लायनरवर येतो. नवीकोरी गाडीसुद्धा अशी हाताबाहेर जाईल. कुठल्या नाक्यावर हे पकडणार?

कात्रजकर:
म्हणून झिजलेले लायनर सोडून द्यायचे का? त्याच उतारावर इंजिन चालू ठेवूनही खराब ब्रेकची गाडी थांबणार नाही. रांगेवर उपाय आहे. अमेरिका-कॅनडात तपासणीत पास झालेल्या ट्रकला स्टिकर लावतात आणि तीन महिन्यांपर्यंत सहसा पुन्हा अडवत नाहीत. गेटवर तपासायलाही माझी हरकत नाही, पण तपासणारा कारखान्याच्या पगारावरचा नको. माल वेळेत निघावा ही कारखान्याचीच गरज असते.

रातचा ड्रायव्हर:
न्यूट्रल का करतात तेही विचारा ना. डिझेल मोजून मिळतं, वाचवलं तर चार पैसे आपले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास ठरवले होते, आम्ही ते दुपारीच संपवतो. गाडीला स्टिकर लावाल, पण दोन रात्री न झोपलेल्या माणसाला काय लावणार? आधी घाटाच्या अलीकडे ट्रक उभा करून झोपता येईल अशी सुरक्षित जागा द्या. रस्त्याकडेला थांबलं की डिझेल चोरीला जातं.

सहाचाकी:
दादा खरं बोलले. स्टिकर मला चालेल, पण त्यावर तपासणाऱ्याचं नाव आणि सही पाहिजे. ब्रेक गेले की ड्रायव्हर आत आणि पास करणारा मोकळा, हे मी मानणार नाही.